साठाव्या झाडानंतर

हवासाहेब त्या दिवशी बाजारात गेले ते कंदिलाची काच आणायला. दुकानदारानं माळ्यावरून धुळीनं माखलेलं खोकं खाली काढलं, काच फुंकली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि विचारलं, "साहेब, हल्ली कंदील लावतंय कोण?"

"लावायला नाही, विझवायला नेतोय," हवासाहेब म्हणाले.

दुकानदार हसला. त्याला वाटलं, साहेब थट्टा करताहेत. पण हवासाहेब थट्टा करणाऱ्यांतले नव्हते, निदान कामाच्या बाबतीत तरी. हे नाव त्यांना कचेरीतल्या लोकांनी ठेवलेलं. विहिरी, भुयारं, शीतगृहं, बॉयलरच्या खोल्या, जिथं म्हणून माणसं काही कारण नसताना पटकन कोसळतात, तिथली हवा तपासायची, हा त्यांचा एकतीस वर्षांचा धंदा. कुणी म्हणावं अमुक विहिरीत भूत आहे, की हे दोरी आणि कंदील घेऊन निघालेच. कंदील खाली सोडायचा. विझला, की खाली श्वास घेण्यासारखी हवा नाही. झालं भूत! "ज्याचं अजून मोजमाप झालं नाही अशा वायूला लोक भूत म्हणतात," असं ते नव्या पोरांना सांगत, आणि पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करत.

या वेळचं काम मात्र कचेरीचं असलं तरी घरचं होतं. जावयाचं होतं.

जावई वनखात्यात झाडांच्या मोजणीवर होते. ही मोजणी म्हणजे दोघांचं काम. एक जण टेप घेऊन झाडाझाडाशी जातो, बुंध्याला टेप गुंडाळतो आणि घेर किती ते ओरडून सांगतो. दुसरा उंचवट्यावर वही घेऊन बसतो. ऐकलेला आकडा तो मोठ्यानं परत म्हणतो आणि मग लिहितो. आपला आकडा परत ऐकू आला, की मोजणारा झाडावर खडूची फुली मारतो आणि ओळीनं पुढच्या झाडाकडे वळतो. परत म्हटलेलं ऐकू आलं नाही, तर जागचं हलायचं नाही, तोच आकडा पुन्हा ओरडायचा. पंचवीस झाडं झाली की पान संपतं, आणि पानाच्या तळाशी घड्याळात बघून वेळ टाकायची; काम थांबवतानाही तसंच. इतकं साधं काम. वर्षानुवर्षं जावई लिहायचे आणि त्यांचा जोडीदार मोजायचा. त्याचा आवाज दोन टेकड्यांपलीकडे जाई, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत.

अडीच महिन्यांपूर्वी भोंगा मेला. जंगलात एक खोल, गोल खळगा आहे, त्याला लोक वाटी म्हणतात. त्या वाटीच्या तळाशी, साठाव्या झाडापाशी, हातात खडू तसाच धरून तो पालथा पडलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही, पोटात विष नाही. बावीस वर्षांत त्या वाटीत मेलेला तो पाचवा माणूस. आधीच्या चौघांच्या कागदांवरही हेच लिहिलेलं, "मृत्यूचं कारण अज्ञात." कुणी म्हणालं साप, कुणी म्हणालं हृदय, कुणी आणखी काही. ज्याला जे सुचलं ते.

पण खरी भानगड पुढेच होती. भोंग्याच्या मनगटावर पावलं आणि नाडी मोजणारं घड्याळ होतं. त्यात शेवटचा ठोका चार वाजून बारा मिनिटांचा. त्यानंतर ठोका नाही, पाऊल नाही. आणि जावयांची वही? वही सहा वाजून चार मिनिटांपर्यंत चालू! साठाव्या झाडानंतर आणखी एकशे अकरा झाडं, प्रत्येकाचा घेर, पानाखाली वेळ, सगळं व्यवस्थित, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात.

मग काय विचारता! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? "जोडीदार खाली तडफडत होता आणि हा वर बसून आकडे रचत होता." "दिवसाचं काम भरायचं होतं ना." जावयांना घरी बसवलं. भोंग्याची म्हातारी आई रोज येऊन त्यांच्या दाराशी नुसती उभी राही. आणि हवासाहेबांची लेक अडीच वर्षांच्या चिंगीला कडेवर घेऊन माहेरी आली ती तिथंच राहिली.

हवासाहेब निघाले त्या सकाळी लेक दारापर्यंत आली. "बाबा, मला बाकीचं काही नको," ती म्हणाली. "ते म्हणतात, शेवटपर्यंत भोंग्याचा आवाज येत होता. ते खरं बोलतात की खोटं, एवढंच मला सांगा. खोटं असेल तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. माणूस मरत असताना जो आकडे रचतो, त्याच्या शेजारी मी कशी झोपू?"

"बघतो," हवासाहेब म्हणाले. आतून चिंगी ओरडत होती, "आबा, खाऊ आणा!" त्या पोरीला नुसता खाऊ दिसतो, त्यांच्या मनात आलं.

जावई त्यांना जंगलाच्या फाट्यावर भेटले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. दोघं चालत वाटीच्या काठावर पोहोचले तेव्हा दुपारचे तीन वाजत होते. जागा तशी सुंदर होती. खाली गर्द झाडी, वर स्वच्छ ऊन. नुसतं पाखरू नव्हतं कुठं. हवासाहेबांनी ते लगेच हेरलं आणि वहीत लिहून टाकलं.

त्यांचा अंदाज असा होता: जमिनीच्या भेगांतून जड वायू वर येत असणार. ऊन आणि वारा असेपर्यंत तो पांगतो. ऊन गेलं, हवा थिजली, की विहिरीत पाणी साचावं तसा वाटीत साचतो. वास नाही, रंग नाही, शरीरात मागे खूणही नाही. पाच मृत्यूंचा उलगडा एका वाक्यात. आणि त्यांची आशा अशी, की हा वायू हळूहळू साचत असावा, तास-दोन तास घेत. म्हणजे भोंगा सहापर्यंत जिवंत होता, मोजत होता, ओरडत होता, आणि परतताना साठाव्या झाडापाशी कोसळला. घड्याळच बिघडलं होतं, जावई खरं बोलत होते. असं निघालं की लेक आपल्या घरी जायला मोकळी.

त्यांनी लांब दोरीला कंदील बांधला आणि काठावरून खाली सोडला. तळाशी टेकला तरी ज्योत खुशाल जळत होती. दुसऱ्या दोरीला हवा मोजायचं यंत्र बांधून तेही सोडलं. मग दोघं वाट बघत बसले. जावई पलीकडच्या सपाट दगडाकडे बघत होते.

"तुम्ही तिथं बसला होतात?" हवासाहेबांनी विचारलं.

"हो. तिथून तळ दिसत नाही. झाडं आड येतात."

चार वाजून पाच मिनिटांनी डोंगराची सावली वाटीत उतरली. अंगावर शिरशिरी आली इतका एकदम गारवा. पानं हलायची थांबली. हवासाहेब घड्याळ हातात धरून होते. सहा मिनिटं. सात मिनिटं. कंदिलाची ज्योत लांबट झाली, आखडली आणि विझली. फुंकर घातल्यासारखी नाही. कुणी दोन बोटांच्या चिमटीत धरावी तशी. खालचं यंत्र टिटिट करत बोंबलायला लागलं. हवासाहेबांनी दोरी ओढून यंत्र गुडघाभर वर घेतलं, बोंब तशीच. कमरेइतकं घेतलं, डोक्याइतकं घेतलं, तरी तशीच. चार वाजून बारा मिनिटांनी तो वायू उभ्या माणसाच्या डोक्यावरून गेलेला होता.

"सापडला!" हवासाहेब ओरडले. एकतीस वर्षांत असा चोख पुरावा त्यांच्या हाती लागला नव्हता. बावीस वर्षांचं गूढ सात मिनिटांत! त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, आणि जावयाचा चेहरा बघून तो तसाच खाली घेतला. जावई पांढरेफटक पडले होते. मग हवासाहेबांच्या डोक्यात उजेड पडला. वायू हळूहळू साचत नव्हता. तो चढत होता सात मिनिटांत. चार बारानंतर त्या तळाशी कुणीही जिवंत असणं शक्य नव्हतं. घड्याळ बरोबर होतं.

म्हणजे वही खोटी होती.

रात्री वनखात्याच्या खोलीत दोघं समोरासमोर जेवायला बसले. हवासाहेब ताट बाजूला सारून म्हणाले, "जावईबापू, आता मला सासरा समजू नका. तपासनीस समजा. काय ते खरं सांगून टाका. घाबरलात? काय करावं सुचलं नाही? माणसाला होतं असं."

"बाबा, मी ऐकलं ते लिहिलं."

"अहो, मेलेला माणूस ओरडतो का?"

"मला काय माहीत तो मेला होता ते!" जावयांचा आवाज फाटला. "आवाज त्याचाच होता. तोच खाकरा, तोच हेल. मी परत म्हणत होतो, तो पुढे जात होता. सहाला आवाज थांबला. मी हाका मारल्या. काठावर गेलो तर... साठाव्या झाडापाशी पडला होता. मी धावत चार पावलं उतरलो तर डोकं गरगरलं. कसाबसा वर आलो. एवढंच आहे माझ्याकडे. याच्यापलीकडे काही नाही."

हवासाहेबांनी कूस बदलून बदलून रात्र काढली. पहाटे त्यांना मार्ग सापडला, आणि तो इतका सोपा होता की आधी कसा सुचला नाही म्हणून ते स्वतःवरच चिडले. झाडं तर कुठं पळून जात नाहीत! वहीतले आकडे रचलेले असतील, तर झाडांशी जुळणार नाहीत. आज दुपारी, ऊन असताना, वाटीत उतरायचं आणि एकसष्टाव्या झाडापासून पुन्हा मोजायचं. आकडे चुकले, तर जावई खोटारडा. लेकीला तोंडावर सांगायचं आणि तिला कायमची घरी ठेवून घ्यायची. छातीवर दगड ठेवून, पण सांगायचं.

त्या दिवशी बाराच्या उन्हात दोघं खाली उतरले. यंत्र हवासाहेबांच्या कमरेला, मुकाट. तळाशी हवा चांगली होती, ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा वास तेवढा. पहिल्यापासून साठाव्यापर्यंत प्रत्येक झाडावर खडूची पुसट फुली दिसत होती. एकसष्टाव्यावर नव्हती. पुढे कशावरच नव्हती.

"आता ऐका," हवासाहेब म्हणाले. "आधी मी मोजणार. मग तुम्ही वहीतलं वाचायचं. त्याच्या आधी चकार शब्द नाही."

त्यांनी टेप गुंडाळला. "एकशे सदतीस."

जावयांनी वहीवरचा हात बाजूला केला. "एकशे सदतीस."

लागला असेल नेम, हवासाहेबांच्या मनात आलं. पुढचं झाड चौऱ्याऐंशी. वहीत चौऱ्याऐंशी. त्याच्या पुढचं दोनशे सहा. वहीत दोनशे सहा. दहा झाली, वीस झाली. हवासाहेबांच्या कपाळावर घाम जमला. आनंद व्हायला हवा होता खरं तर, जावई खोटं बोलत नव्हते! पण आनंद काही होईना.

"आधी कधी मोजली होतीत का ही झाडं? मागच्या मोजणीत?"

"मागची मोजणी माझ्या जन्माच्या आधीची, बाबा."

"मग भोंग्यानं आदल्या दिवशी येऊन..."

"आदल्या दिवशी आम्ही दोघं पलीकडच्या डोंगरावर होतो. दिवसभर."

अठ्ठ्याऐंशीव्या झाडापाशी हवासाहेब थांबले. त्याला मनगटाएवढ्या जाड वेलींनी असं वेढलं होतं, की बुंध्याभोवती टेप जाणंच शक्य नव्हतं. वेली जुन्या, वर्षानुवर्षांच्या, एकही तुटलेली नाही. त्यांना हुरूप आला. "हे बघा! हे कुणाच्या बापाला मोजता येणार नाही. इथं काय लिहिलंय?"

"तुम्हीच म्हणालात, आधी मोजायचं."

अर्धा तास कोयत्यानं वेली तोडल्या. घामाघूम झाले दोघंही. बुंधा मोकळा झाला, आतली साल फिकी, कोवळी होती, तिला कधी ऊनच लागलं नव्हतं. हवासाहेबांनी टेप फिरवला, दोनदा बघितला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितला.

"दोनशे बारा."

जावयांनी वही त्यांच्यापुढे धरली. दोनशे बारा.

त्यानंतर दोघं नुसते मोजत राहिले. एकशे तिसरं झाड झालं. हवासाहेबांनी आकाशाकडे पाहिलं, सूर्य डोंगराच्या अंगाला कलला होता. "पुरे आता. निघू या," म्हणत ते टेप गुंडाळायला लागले, आणि मागून जावयांचा आवाज आला. मोठा, स्पष्ट, कामावरचा आवाज.

"एकशे चौऱ्याहत्तर."

हवासाहेब वळले. जावई वही मिटून उभे होते. नजर समोरच्या झाडीत.

"काय म्हणालात?"

"त्यानं सांगितलं ना आत्ता..."

"कोणी?"

जावयांचे ओठ पुन्हा हलले, आणि हळू आवाजात ते म्हणाले, "एकाण्णव."

"अहो, कोण सांगतंय? मला काही ऐकू येत नाही!" आणि खरंच येत नव्हतं. पान हलत नव्हतं.

"बाबा, मी परत म्हटलं नाही तर तो हलत नाही," जावई कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तिथंच उभा राहून तोच आकडा ओरडत बसतो... गरीब बिचारा... त्याला कळलेलंच नाही अजून. मी नाही म्हटलं तर कोण म्हणणार?"

हवासाहेबांनी एक गोष्ट केली, जी पुढे त्यांनी कुठल्याच कागदावर लिहिली नाही. ते धावत एकशे चाराव्या झाडाशी गेले आणि टेप लावला. एकशे चौऱ्याहत्तर. त्याच्या पुढच्याला लावला. एकाण्णव. वही मिटलेलीच होती, हे खरं. पण ती जावयांनीच लिहिलेली. पाठ असेल, ते स्वतःला बजावत होते, अडीच महिने घरी बसून वाचून वाचून पाठ झाली असेल. तेवढ्यात कमरेचं यंत्र एकदा टिट झालं. त्यांनी जावयाच्या दंडाला धरलं आणि अक्षरशः फरफटत वर आणलं.

काठावर उन्हात बसून दोघं बराच वेळ धापा टाकत राहिले. हवासाहेबांनी बाटलीतलं पाणी त्यांना पाजलं, मग स्वतः प्यायले. मग ज्याची त्यांना सगळ्यांत जास्त भीती होती तो प्रश्न विचारला.

"घरी येतो का आवाज?"

"नाही."

"नीट आठवून सांगा. माझी लेक आणि नात त्या घरात राहायच्या आहेत."

"नाही, बाबा. शपथ घेतो. घरी शांत असतं. इथं आलं की मगच." जावयांनी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. आणि हवासाहेबांना माणसं ओळखता येत होती. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आधीही बोलला नव्हता.

जागेचा दोष आहे, हवासाहेबांनी मनाशी ठरवून टाकलं. वायूनं मेंदूवर काही परिणाम होत असेल. थोडासा वायू काठापर्यंत येत असेल, माणसाला भास होत असतील. आकडे कसे जुळले? ते... ते नंतर बघू. जागा बंद केली की प्रश्न मिटला.

अहवाल त्यांनी दोन दिवसांत लिहिला. वायू, भेगा, सावली, वेळा, पाचही मृत्यू, सगळं खरं. वाटीभोवती कुंपण घालावं, कुणालाही उतरू देऊ नये, हेही खरं. शेवटी भोंग्याचं घड्याळ राहिलं. ते त्यांच्या टेबलावरच पडलेलं होतं, तपासणीसाठी आलेलं. त्यांनी ते आपल्या मनगटाला बांधून पाहिलं. ठोका न ठोका बरोबर मोजत होतं.

त्यांनी लिहिलं, "घड्याळ सदोष आढळले. मृत्यू सायंकाळी सहाच्या सुमारास झाला असावा."

एकतीस वर्षांतली पहिली खोटी ओळ. लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हात धुऊन आले. बायको दारात उभी होती. "खरं काय ते कळलं का?" तिनं विचारलं.

"जावई निर्दोष आहेत," ते म्हणाले.

"मी ते नाही विचारलं."

"तेवढंच सांगता येतं मला," म्हणून ते फिरायला निघून गेले.

अहवालाचं कौतुक झालं. बावीस वर्षांचं कोडं सोडवलं म्हणून कचेरीत त्यांना उभं करून लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावयांना कामावर परत घेतलं, जंगलात नाही, गावातच, टेबलावर. भोंग्याची आई त्यांच्या दाराशी यायची थांबली. शेजारीपाजारी पुन्हा बोलायला लागले. लेक चिंगीला घेऊन आपल्या घरी गेली, जाताना बापाच्या गळ्यात पडून रडली. "तुम्ही होतात म्हणून, बाबा," म्हणाली. हवासाहेबांनी तिला थोपटलं. कुणाचं नुकसान झालं? एका घड्याळाचं. लेकीच्या संसारापुढे एक घड्याळ म्हणजे काय! असं ते स्वतःला दिवसातून चार वेळा समजावत. झोप मात्र उडाली होती ती उडालीच. घरात येरझारा घालायचे, खिडक्या उघडायचे, पुन्हा लावायचे. बायको म्हणायची, "अहो, बसा की जरा एका जागी!"

सोळाव्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाज हसरा. घर लागलं, पडदे धुतले, चिंगीला सर्दी झाली होती ती गेली. हवासाहेब खुर्चीत टेकले. कितीतरी दिवसांनी पाठ खुर्चीला लागली.

"आणि जावईबापू?"

"बरे आहेत हो. हसतात आता. आत्ता जरा बाहेर गेलेत, येतीलच. चिंगीशी तर इतके खेळतात! रोज संध्याकाळी दोघांचा आकड्यांचा खेळ चालतो."

हवासाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आकड्यांचा?"

"हो ना. त्यांनीच शिकवलं असणार. ती आकडा ओरडते आणि हे परत म्हणतात."

"ती ओरडते? की हे सांगतात आणि ती परत म्हणते?"

"नाही, आधी ती. मग हे. का हो?"

"तिला मोजता कितीपर्यंत येतं?"

लेक हसली. "पाचपर्यंत. तेही चार गाळून."

तेवढ्यात मागून, घरातल्या लांबच्या खोलीतून, चिंगीचा आवाज आला. बारीक, पण खणखणीत. "दोनशे तीन!"

"ऐकलंत?" लेक म्हणाली. "मघापासून हेच धरून बसलीय."

"दोनशे तीन!"

"चिंगे, गप गं जरा! आबांशी बोलतेय मी... हे बाहेर गेले ना, म्हणून चिडलीय. खिडकीपाशी उभी आहे, जागची हलत नाही. मघाशी मुठी आवळून रडत होती, पण बोलतेय मात्र तेच."

"दोनशे तीन!" पोरीचा घसा आता बसत चालला होता. "दोनशे तीन!"

हवासाहेब उठून उभे राहिले. समोर भिंत होती. स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता. लेक काहीतरी पडद्यांबद्दल बोलत होती. चिंगी पुन्हा ओरडली, आणि या वेळी शेवटी हुंदका आला. हवासाहेबांनी फोनवर हात धरला, तोंड भिंतीकडे केलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "दोनशे तीन."

पलीकडे क्षणभर शांतता झाली.

मग चिंगीचा आवाज आला, आता रडका नाही, अगदी निवांत. ती म्हणाली, "अठ्ठ्याण्णव."